न घेतलेली पसाभर ज्वारी

बेला गावच्या सोजरबाईचा देवावरसुद्धा सहजी विश्वास बसत नसे. आदिलाबादच्या बाजारात मीठ घेतलं तरी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची, मगच पिशवीत. अशा बाईच्या भावाच्या घरात सत्याऐंशी साली शमुवेल नावाचं पोर आलं, मग काय विचारता!

तिच्या भावाची, महिपतची, तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं जगावं म्हणून आपली जुनी रीत: बाळ सुपात घालून परक्या बाईच्या ओटीत टाकायचं, तिनं नाव ठेवायचं, मग पसाभर ज्वारी देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. महिपतच्या बायकोनं, आशाबाईनं, बाळ आपलं बाळंतपण करणाऱ्या नर्सच्या, मरियम्माच्या ओटीत टाकलं. ती हसली, "शमुवेल" म्हणाली आणि बाळ परत दिलं. ज्वारी मात्र घेईना.

इथंच सोजरबाईच्या डोक्यात किडा वळवळला. बाई फुकट काऊन देते? ज्वारी घेतली नाही म्हणजे पोर अजून तिचंच! बारसं आत्याच्या मानाचं, पण ही पाळण्याला हात लावेना.

शेवटी सुपात ज्वारी घेऊन ती तरातरा मरियम्माच्या दारात गेली. "खरं सांगा नरसबाई, हे नाव कोनाचं?"

"यहुदी लोकांचं, अम्मा. हिब्रू भाषेतलं. अर्थ, देवानं ऐकलं. हन्ना म्हणून एक बाई होती, मूल नव्हतं. देवाजवळ रडली, मुलगा झाला, म्हणून शमुवेल."

"मंजे नवसाचा." सोजरबाई जरा निवली. "मंग?"

"मग दूध तुटल्यावर तिनं त्याला देवळात नेऊन देवाला दिला."

झालं! "मंजे दूध तुटलं का तुमी आमचं लेकरू नेनार!" ती ओरडली आणि तिला रडूच फुटलं. "चवथंबी गेलं तर माहा भाऊ जगत नाई वो!"

मरियम्मानं पदर पसरला. "टाका अम्मा ज्वारी. मला तुमची रीत माहीत नव्हती."

ज्वारीची गाठ बांधून होईपर्यंत सोजरबाई तिच्या हातांकडे बघत उभी राहिली.

बारशाला तिनं दणक्यात नाव सांगितलं, "नवसाजी!" बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. पण त्याआधी बाळाच्या कानात ती काय कुजबुजली, ते शेजारी बसलेल्या आशाबाईनं ऐकलं.

"आक्का, शमुवेल काऊन म्हनलं?"

"गप. ज्या नावानं देवानं ऐकलं, तेच त्याच्या वळखीचं. दुसऱ्या नावानं इसरला मंजे? त्याचा काय भरोसा बाई! आपले तीन तो इसरलाच की."