हिच्या नावावर धूर नको

दस्तगीर गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या लेकीनं, शबानानं, केला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. "सर, अब्बा गेले… हार्टनं," एवढंच ती बोलली. त्याला आता पाच आठवडे झाले. तेवढ्यात तासगावानं त्याची शोकसभा उरकली, चौकात त्याचा फ्लेक्स लावला आणि त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढवलासुद्धा. शोकसभेला मोठमोठ्या डिझेल गाड्या आल्या होत्या. परत बसताना एसी गार लागावा म्हणून ड्रायव्हरांनी सभा संपेपर्यंत इंजिनं चालू ठेवली होती, आणि आत अध्यक्ष सांगत होते की एक थोर पर्यावरणप्रेमी हरपला. हरपलेल्याचं नाव त्यांनी चिठ्ठीत बघून वाचलं. भाषण संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत घरी बसलेल्या त्याच्या बायकोला, जैतूनला, हे बघावं लागलं नाही ते बरंच झालं.

म्हणे पर्यावरणप्रेमी. ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करणारा मिस्त्री होता तो. उभा जन्म डिझेलवर पोट भरलं, जेवायला बसला तरी हाताचा वास जायचा नाही. पृथ्वीचं काय होणार याची त्याला काडीची फिकीर नव्हती, त्याला जैतूनची होती. तिला जुना दमा. गॅरेजच्या मागंच घर. द्राक्षांच्या हंगामात दुरुस्तीचे ट्रॅक्टर दारात सुरू झाले की ती आत गुडघ्यांवर हात रोवून बसायची आणि एकेक श्वास ओढायची. महिन्यातून एकदा सांगलीच्या डॉक्टरांकडे न्यावं तर घरची जुनी पेट्रोल व्हॅन. इंजिन पुढच्या सीटखाली, सगळा वास आत. दवाखान्याच्या दारात उतरेपर्यंत ती घरी असायची त्याहून बेजार व्हायची. शेवटी दस्तगीरनं व्हॅनचं इंजिन काढून भंगारात घातलं आणि तिथं मोटर अन् बॅटऱ्या बसवायला घेतल्या.

त्याला पहिल्यांदा हसलो तो मी. मी विज्ञानाचा शिक्षक. प्रदूषणाच्या प्रकल्पवह्या तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. एकमेकांच्या वह्यांवरून उतरवलेल्या त्या निबंधांना मी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि शाळेत गेलो ते डिझेलच्या गाडीतून. वर्षभर खपून त्यानं ती व्हॅन आवारात फिरवून दाखवली. कसलाही आवाज नाही, वास नाही. आणि मी काय म्हणालो? "दस्तगीर, जत्रेतलं खेळणं झालं की रे हे!" त्याला हसू आलं नाही. "सर, ऊर्जा मरत न्हाई, नुसतं रूप बदलती, ह्ये माझ्या पोरीला तुमीच शिकीवलं न्हवं? मग आता हासताय कशापायी?"

त्याला गाडी पास करून हवी होती. कायद्याला तो फार भिणारा. बिनपासिंगची गाडी रस्त्यात कुणी अडवली तर जैतूनला वाहनांच्या धुरात उतरून उभं राहावं लागेल, ही त्याची धास्ती. म्हणून व्हॅन आवारातच राहिली आणि तो कचेरीच्या चकरा मारू लागला. कुठली कचेरी ते लिहीत नाही. नाव छापून येण्याचाही मान तिला कशाला? एका खेपेला मी बरोबर होतो. खुर्चीतल्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, "पीयूसी नाही जोडली."

"सायब, गाडी ब्याटरीवर हाय. धूरच न्हाई."

"आरसीवर पेट्रोल लिहिलंय ना? मग पेट्रोलची. आधी धुराचं सर्टिफिकेट आणा, मग पुढचं बघू."

"आवं, खाली लावलीया. येऊन बगा तरी."

घरी बनवलेली गाडी आहे, तपासायलाच हवी, कडक तपासायला हवी, हे मलाही मान्य. दस्तगीर तेच तर मागत होता. पण पहिल्या मजल्यावरून खाली उतरायला कुणाला सवड नव्हती. ती गाडी टोचन लावून तिथवर आणायची आणि तशीच परत न्यायची, असं त्यानं पाच वेळा केलं. पीयूसीवाल्याकडे नेली तर तो हातात नळी धरून गाडीभोवती फिरला. नळी घालायला सायलेन्सरच नव्हता. तो बिचारा व्यवहारी निघाला. म्हणाला, "चाचा, नंबरप्लेटचा फोटो द्या, काढून देतो. सगळे तसंच करतात." दस्तगीर सर्टिफिकेट न घेताच गाडी घेऊन घरी आला.

मग मी शहाणपणा केला. त्याला न विचारता फोटो काढला, सर्टिफिकेट मिळवलं आणि मोठ्या ऐटीत त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं चष्मा शोधायचा बहाणा केला… "सर, धूर किती लिवलाय त्येवढं वाचून दाखवा की." मी वाचलं. कागदावर धुराचे आकडे होते, दशांश चिन्हासकट. मर्यादेच्या आत होते, पण होते. आत जैतून ऐकत होती. "थोडा का हुईना, खोटाच की. एवढी वर्षं धूर खाल्ला हिनं. आता हिच्या नावावर धूर नको," तो म्हणाला. त्यानंतर तो कचेरीत गेला नाही. त्या कारकुनानं त्याला पाच वेळा परत पाठवलं, पण थांबवलं मी. ज्यांच्यावर इतका वेळ तोंडसुख घेतलं त्यांच्याहून मी कुठं वेगळा ठरतो, ते अजून मला सापडलेलं नाही.

मागच्या मंगळवारी जैतूनची सांगलीची तारीख होती. इद्दतीत दवाखान्यापुरतंच बाहेर पडायचं म्हणून मी माझी डिझेलची गाडी घेऊन गेलो. ती दारात तोंडावर पदर धरून उभी राहिली. "ह्या गाडीत मला न्हाई जमायचं, सर." शबानानं व्हॅनची किल्ली आणून दिली, दर शुक्रवारी ती चार्जिंग लावत आली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा बिनपासिंगची गाडी रस्त्यावर काढली. ज्यांना दंड करायचा असेल त्यांनी खुशाल करावा, त्या निमित्तानं तरी गाडी बघतील.

दस्तगीर बुटका. सीट त्याच्या मापानं पुढं ओढलेली, माझे गुडघे स्टेअरिंगला लागत होते. मागं सरकवायचा खटका हाताशी होता. मी तो दाबला नाही. कवठे एकंद मागं पडल्यावर मागच्या सीटवरून जैतून म्हणाली, "काचा लावता का, सर?" लावल्या. आणि ती मोठ्यानं रडायला लागली. मी गाडी कडेला घेऊ लागलो तर तिच्याशेजारी बसलेली शबाना म्हणाली, "थांबू नका. रडलं की अम्मीला धाप लागते, म्हणून अब्बा गेल्यापासून ती रडलीच नव्हती."

माधवनगर आलं, गेलं. ती रडत होती आणि तिचा श्वास नीट चालला होता.