दोन लिंबं आणि एक सॉरी

रस्त्यावर चूक कोणाची, हे अख्ख्या आयर्लंडमध्ये माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. लिमरिकच्या आमच्या मराठी ग्रुपवर मी या विषयावर इतकं लिहिलंय, की दोघांनी ग्रुपच सोडला. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. माझा खास सल्ला त्यापुढचा होता. धडक बसली की जागेवर 'सॉरी' म्हणायचं नाही! सॉरी म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे आपला नो-क्लेम बोनस गेला! (माझा सहा वर्षांचा होता. मुलीपेक्षा जास्त जपलास, असं बायको म्हणते.)

दसऱ्याला आमच्या नव्या गाडीची पूजा होती. सांगलीहून आलेल्या आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पुढच्या चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. मुलगी इरा फोनवर शूटिंग करत होती.

"आता हळू फुडं घे, लिंबं चिरड," आई म्हणाली.

गाडी ऑटोमॅटिक आणि मला जन्मभर गिअरची सवय. मी कॅमेऱ्याकडं बघून छान हसलो, दांडी ओढली, ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली. मागं! रस्ता ओलांडून ती थेट समोरच्या घरातल्या नॉरीनबाईंच्या लाल गाडीवर जाऊन आदळली.

"अरं, लिंबं तशीच ऱ्हायली की!" आई ओरडली.

सत्तरीच्या नॉरीनबाई सपाता घालून धावत बाहेर आल्या. "ओ सॉरी, लव, सॉरी! मी तुझ्या वाटेत आले का?"

(इथली माणसं कोणालाही 'लव' म्हणतात आणि दारावर आपटली तर दारालाही सॉरी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. तरीही!) मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"अरे, सॉरी म्हण ना!" बायको, मुग्धा, माझ्या कानाशी पुटपुटली.

"मुळीच नाही. त्या म्हणाल्या ना? वेळ लिहून ठेव."

"बट बाबा," इरा म्हणाली, "हर कार वॉज पार्क्ड."

लहान मुलांना कायद्यातलं काय कळतंय! मी विम्याचा फॉर्म भरला : 'समोरच्या व्यक्तीने घटनास्थळी स्वतःहून माफी मागितली.' पुरावा म्हणून इराचा व्हिडिओ जोडला. न बघता!

लाल गाडी गॅरेजमध्ये गेली. नॉरीनबाईंची बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होती आणि तिला भरवायला त्या रोज दुपारी जायच्या. आता दोन बस बदलून जाऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी पावसात स्टॉपवर उभ्या दिसल्या. मी नव्या गाडीत. त्यांनी हसून हात केला. मीही केला आणि तसाच पुढं गेलो. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

मग विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "व्हिडिओ बघितला. आम्ही सगळ्यांनीच बघितला. ती लिंबं कशासाठी?"

"अपघात होऊ नये म्हणून."

पलीकडं कोणीतरी फिसकन हसलं आणि आवाज बंद झाला. (म्यूट केलं असावं.)

"बरं. नंतर तुम्ही पत्नीशी तुमच्या भाषेत काहीतरी बोलताय. त्याचं भाषांतर कराल?"

केलं. शब्दन् शब्द. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे."

"उभ्या गाडीला धडकलात तेव्हाच ते ठरलं होतं," बाई म्हणाल्या.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो आणि नॉरीनबाईंना पाच वेळा सॉरी म्हणालो.

"चूक तुझीच होती हे मला माहीत होतं, लव," त्या म्हणाल्या. "पण तुझा चेहरा इतका पडला होता, की काहीतरी म्हणायलाच हवं होतं."

तोंड कुठं लपवू असं झालं. गाडी दुरुस्त होईपर्यंत मीच त्यांना रोज बहिणीकडं नेऊन आणलं. "ग्रँड, ग्रँड," (म्हणजे 'छान चाललंय') असं म्हणत त्या येता-जाता दाराची मूठ गच्च धरून बसायच्या.

लाल गाडी घरी आली त्या दिवशी त्या आमच्या दारात उभ्या. "तुझ्या आईकडं अजून लिंबं आहेत का? माझ्या गाडीलाही हवीत."

आई हरखली. दोन चांगली पिवळीधमक निवडून दिली.

"आणि ही नक्की कशापासून वाचवतात?" नॉरीनबाईंनी विचारलं. मुग्धानं आईला मराठीत सांगितलं.

आईनं क्षणाचाही विचार न करता माझ्याकडं बोट केलं. "सांग त्यांना, ह्याच्यापासनं."