प्रोजेक्टसाठी लावलेली हळद

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मुंबईत संगीताचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. संगीत म्हणजे पेटी-तबला नव्हे. गाणी लिहायची कशी, चाल बांधायची कशी, स्टुडिओत बसून त्यावर वाद्यं चढवायची कशी, असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटी दोघादोघांनी मिळून एक नवं गाणं रचायचं, ध्वनिमुद्रित करायचं आणि कॅसेटवर द्यायचं. त्याला ती मुलं फायनल प्रोजेक्ट म्हणत. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. किळस नंतर आली.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. घर रोह्याला, वरशात. नवरा कंपनीत, शिफ्टवर. माझं रोज एसटीनं जाणं-येणं. माघातल्या एका शनिवारी भाची आली ती प्रोजेक्टमधल्या जोडीदाराला घेऊन. मुलगा पंचविशीचा, केस मागे रबरानं बांधलेले, खांद्याला ध्वनिमुद्रणाचं मशीन. ते मशीन त्यानं जेवतानाही मांडीवरून खाली ठेवलं नाही. माझी आमटी चाखून म्हणाला, "एकदम ऑथेंटिक." आमटी रोजचीच होती, तुरीच्या डाळीची.

"मावशी, आम्हाला मातीतलं काहीतरी हवंय," भाची म्हणाली.

"माती कशाला?"

"आमचं गाणं फार शहरी होतंय. सर म्हणतात, त्याला मूळच नाही."

"मग मूळ असलेलं लिहा."

"तसं लिहून नाही गं येत."

लिहून येत नसेल तर त्या वर्गात दोन वर्षं काय करत होतात, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उलट, माझ्या उपकेंद्राच्या गावात एक धवलारीण आहे, असं सांगून बसले.

तिकडच्या आगरी घरांत लग्नाची हळद धवलारणीशिवाय लागत नाही. प्रत्येक विधीचं तिचं वेगळं गाणं असतं, त्याला धवळा म्हणतात. पहिले धवळे बोलावण्याचे. गावदेवी, शिवेवरचा देव, घरातली गेलेली माणसं, सगळ्यांना नाव घेऊन हाक मारायची. ते येतात, मांडवात बसतात, आणि शेवटचा धवळा म्हणून त्यांना परत पाठवलं की लग्न पुरं झालं. ही आमची धवलारीण साठीची, काटकुळी, तंबाखूनं दात काळे झालेली. नवरा मिठागरावर जायचा. घरात पैसा नसला तरी गावातलं एकही लग्न तिच्याशिवाय उभं राहत नव्हतं. भल्याभल्यांच्या बायका तिच्या ओटीवर येऊन तारीख मागायच्या.

सोमवारी मी दोघांना तिच्याकडे नेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लगीन कनाचं हाय?"

"कोणाचं नाही, आजी. आम्हाला फक्त गाणी हवीत," भाची म्हणाली.

"लगीन नाय तं धवळा कशाला? भूक नसता जेवाचं?"

जोडीदार हसला. "असं समजा, लग्न आमचंच आहे. मी नवरा, ही नवरी."

"समजून व्हतंय व्हय रे लगीन? मंग माजी म्हस बी समजून गाभन राहील."

ओटीवरच्या बायका हसल्या. मीही हसले. तिथेच विषय संपला असता, पण मी मध्ये पडले. तिच्या लेकीची दोन्ही बाळंतपणं मी केली होती, दुसऱ्या वेळी तर मूल पायाळू होतं. ते मी बोलून दाखवलं नाही, तरी माझ्या तोंडून "माझ्यासाठी कर" एवढं निघालं की तिला नाही म्हणणं अवघड, हे मला ठाऊक होतं.

"नर्सबाय, तुज्यासाठी करीन. पन सुरू केलं तं शेवटापर्यंत बसाचं. मधी उठाचं नाय. देव बोलावलं का ते आपल्या जबाबदारीवर."

"बसतील," मी म्हटलं.

"तुजा शब्द?"

"माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगण सारवलं, उंबराची फांदी रोवली, तांदळाच्या पिठाचा चौक काढला, दोन पाट मांडले. हळद कोणाला तरी लावायलाच हवी, म्हणून हे दोघे पाटावर बसले. भाचीला मजा वाटत होती. शेजारच्या पाच-सहा बायका साथीला आल्या. पहिला धवळा सुरू झाला आणि जोडीदारानं हात वर केला.

"एक मिनिट. बांगड्या वाजतायत. काढून ठेवता येतील का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नाच्या मांडवात सवाष्णींना बांगड्या काढायला सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. कोणी काढल्या नाहीत. पुढे गावदेवीचं नाव आलं तेव्हा रस्त्यावरून एसटी हॉर्न वाजवत गेली. तो म्हणाला, "हे परत घ्या."

"परत काय?"

"ते देवीचं नाव. हॉर्न आला मध्ये."

"देवाला दोनदा हाक मारत नाय," धवलारीण म्हणाली. "ती काय बहिरी हाय?"

त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं. मी तासभर थांबले आणि कामाला गेले. दोन वाजता परत आले तर पाट रिकामे. अंगणात फांदी, चौक, हळदीची वाटी, आणि समोर धवलारीण तशीच मांडी घालून बसलेली. बायका भिंतीला टेकून.

"कुठे गेली दोघं?"

"गारीला, एसटीला," एक बाई म्हणाली. "पोरगा बोलला, मिलालं आमाला. तोंड धुतलं नि गेली."

धवलारीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "देव आयलं. मानसं गेली."

मी तिला चहा करू का विचारलं. ती म्हणाली, "नको. मी उठू कशी ते सांग."

दोन आठवड्यांनी गावातल्याच एका भातशेतीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि धवळे हिचेच ठरलेले. तिसऱ्या दिवशी नवरीची आई तिच्या दारात आली. मी तिथे औषधाच्या गोळ्या द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. बाई भांडली नाही, आवाजही चढवला नाही.

"आक्का, तुज्या अंगनात अर्ध्या लग्नाचं देव बसलंत. त्यांना घेऊन माज्या पोरीच्या मांडवात नको येवस."

"पाठवतंय मी त्यांना."

"कशी? ज्यांना हलद लावली ती हायत कुठं?"

बाई म्हणाली, लग्नाच्या आधी निस्तरलं तर ठीक, नाहीतर पलीकडच्या गावची धवलारीण आणू. आणि एका घरानं दुसरी आणली की बाकीची घरंही तेच करतात. चाळीस वर्षांचं काम, माझ्या एका शब्दापायी जायला निघालं होतं.

मी पेणला एसटीडीच्या बूथवरून भाचीच्या हॉस्टेलला फोन लावला.

"मावशी, ते सगळं सिम्बॉलिक होतं गं," ती म्हणाली.

"तिच्यासाठी नव्हतं."

"पण आमचं सबमिशन आहे. नंतर बघू ना. आणि आम्हाला चार तासांचं मटेरियल मिळालंय, अजून कशाला?"

तिला वाटलं मी आणखी गाणी देऊ करतेय. मी फोन ठेवला. बूथवाल्यानं विचारलं, "ताई, वारलं का कोणी?"

लग्नाला दोन दिवस असताना, रविवारी, ती स्वतःच वरशाला आली. प्रोजेक्टला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते आणि ते सांगायला आली होती. सोबत सगळ्या वर्गाची गाणी एकत्र केलेली कॅसेट. माझ्या टू-इन-वनमध्ये तिनंच घातली. मी भाजी निवडत ऐकली.

एका जोडीनं डोलवीच्या कारखान्याचा भोंगा घेतला होता आणि त्यावर त्यातला एकजण "मी कोण, मी कोण" असं कुजबुजत होता. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या जोडीनं नळाचं ठिबकणं चार मिनिटं वाजवून त्याला विरह म्हटलं होतं. आमच्याकडे असा नळ असला की वायसर बदलतात. एक प्रेमगीत होतं, मोरीत बसून म्हटल्यासारखं घुमणारं, आणि त्यात चंद्र तीनदा. बाविशी-तेविशीची शिकलेली पोरं, आईबापांनी शिकवलेली, आणि एकाकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग ह्यांचं. आधी ढोलासारखं काहीतरी मशीनवरचं, मग धवलारणीचा आवाज. गावदेवीचं नाव तिनं जिथे उच्चारलं तेवढाच तुकडा कापून ह्यांनी पुन्हा पुन्हा लावला होता. सोळा वेळा. अर्धं नाव, धप्प, अर्धं नाव, धप्प. त्यावर भाची गात होती, मला माझं मूळ सापडलं वगैरे.

कॅसेटच्या कागदावर शब्द आणि संगीत म्हणून दोघांची नावं होती. त्याखाली बारीक अक्षरांत: पार्श्वध्वनी, लोकस्वर.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"ओकारी आली," मी म्हटलं. "चप्पल घाल."

"कुठे?"

"हळद उतरवायला. तुझा तो नवरा कुठाय?"

तो येणार नव्हता. त्याला हे सगळं अंधश्रद्धा वाटत होतं, असं ती म्हणाली. अंधश्रद्धा वाटते तर तिचं गाणं करून गुण कशाला घेतले, असं मी विचारलं, तेव्हा तिनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. एसटीत नागोठण्यापर्यंत ती रडली. मी तिला खिडकीची जागा दिली, रुमाल दिला नाही.

धवलारणीनं आम्हाला पाहिलं आणि नवरीच्या आईला बोलावणं पाठवलं. बाई आणखी चार जणींना घेऊन आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. बसली नाही. फांदी सुकली होती, तरी कोणी उपटली नव्हती. भाचीला पाटावर बसवलं. दुसरा पाट रिकामा.

"त्यो पोरगा?"

"येत नाही," मी म्हटलं.

"मंग तू बस. शब्द तुजाच व्हता."

मी बसले. पंचेचाळीस वर्षांची, सरकारी नोकरीतली बाई, परक्या पोराच्या जागी, लग्नाच्या पाटावर. बायकांपैकी एक म्हणाली, "नवरदेवाला चष्मा हाय गो," आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

"कोणता धवळा म्हणणार?" मी हळूच विचारलं.

"ह्याचा धवळा नाय. मोडलेल्या लग्नाचा असतो, मेलेल्या नवऱ्याचा असतो. असल्याचा कुनी केलाच नाय. असली मानसंच नव्हती आधी."

मग ती डोळे मिटून बसली. नवरीची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. धवलारणीच्या ओठांची हालचाल सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आणि ती गायला लागली.

गावदेवी आयली बाय, मांडव दिसं सुना,
नवरी गेली गारीनं, दोस देऊ कुना?

दोष तिनं एकेकाला नीट वाटून दिला. मशीन घेऊन आलेल्याला, पाटावरून उठून गेलेलीला, आणि शब्द देऊन सुया टोचायला गेलेल्या नर्सबाईला. शेवटी स्वतःला, की भीड पडली म्हणून मी तोंड उघडलं. कुठे अडखळली, एकदा ओळ सोडून मागे गेली. मग ज्यांना ज्यांना बोलावलं होतं त्यांचं नाव घेऊन, हात जोडून, इथे तुमचं काही काम नाही, वाटेला लागा, असं सांगितलं. साथीच्या बायका आधी चाचपडल्या. ही गाणी त्यांना पाठ असतात आणि हे पाठ नव्हतं. पण तिसऱ्या-चौथ्या कडव्यापासून त्यांनी शेवटचं चरण उचलायला सुरुवात केली.

नंतर तिनं ताज्या हळदीचा टिळा आम्हा दोघींना लावला आणि तांब्यातल्या पाण्यानं धुऊन काढला. पाणी गळ्यापर्यंत ओघळत असताना भाची माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, मशीन आणायला हवं होतं. हे तर पूर्ण ओरिजिनल आहे."

मी पदरानं मान पुसली.

नवरीची आई अंगणात उतरली. तिनं सुकलेली फांदी स्वतः उपटून कुंपणाबाहेर टाकली, हात झटकले आणि म्हणाली, "आक्का, परवा लवकर ये. उंबर आमी आनून ठेवतंव." बाकीच्या बायका पुढे निघाल्या होत्या, तिनं वळून आणखी एक सांगितलं, "आन् ही शहरातली पोरगी मांडवात नको."

"नाय येत," धवलारीण म्हणाली.

त्या वर्षी पलीकडच्या वाडीतली दोन लग्नं तिच्या हातून गेली ती गेलीच. बातमी आमच्या आधी पोचली होती. मी त्या घरांत जाऊन सांगून पाहिलं. त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला. धवलारीण मला त्याबद्दल कधी काही बोलली नाही. मात्र पुढच्या खेपेला तिच्या लेकीचे दिवस भरले तेव्हा मला न बोलावता तिनं तिला पेणच्या दवाखान्यात नेलं.