सोड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ती जाईपर्यंत नाही. मुलांना तर नाहीच — त्यांच्या लेखी त्यांचा बाप म्हणजे सेलूच्या गुलजार फुटबॉल क्लबाचा तो बॅक, ज्याचा उजव्या पायाचा अंगठा क्लबापायी वाकडा झाला. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही, हे एवढ्या वर्षांत मला पुरतं कळलं आहे.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चार-पाच म्हातारे जमतात. गुडघे सगळ्यांचे गेलेत, जिभा मात्र शाबूत आहेत. विषय दोनच — आपण दोयममध्ये उतरलो ते साल, आणि परत अव्वलात चढलो ते साल. मधलं सगळं आयुष्य जणू झालंच नाही.

नव्या लोकांना हे समजत नाही, म्हणून सांगतो. निजामाच्या राज्यात आमच्याकडे फुटबॉलचे सामने व्हायचे, आणि संघांचे दोन दर्जे होते, अव्वल आणि दोयम. दसऱ्याला खेळ सुरू व्हायचा, संक्रांतीला संपायचा. अव्वलात शेवटचा येणारा संघ दोयममध्ये उतरायचा, दोयममधला पहिला वर चढायचा. हिशेब साधा होता. पण आपला क्लब उतरला त्या दिवशी सेलूत कुणाच्या घरी चूल पेटली नाही, असं आमच्या ओट्यावर शपथेवर सांगतात. आमच्या घरी पेटली होती. मी जेवलोही होतो. हेही मी कधी बोललो नाही.

तर — माणिक.

माणिक बोरीचा. घरी थोडी शेती, ती थोरला भाऊ बघायचा. हा सेलूला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायला आला. हात असे की सुटलेली गठाण छातीवर झेलायचा. ते हात बघूनच मी त्याला मैदानावर नेला आणि गोलात उभा केला. म्हणजे त्याला ह्या खेळात आणला तो मीच. आम्ही एका वयाचे, दोघांचीही लग्नं व्हायची होती. मी लिंगायत वाण्याचा मुलगा, गळ्यात लिंग, बोलण्यात तोलूनमापून. तो मोकळा, हसरा. बॅक आणि गोलकी यांच्यात जे असावं लागतं ते आमच्यात होतं. मागं न बघता मला कळायचं, तो कुठं उभा आहे.

आमच्या संघात अर्धे मराठी बोलणारे, अर्धे उर्दू. मैदानावर घाईत कुणाला काय समजणार? म्हणून आम्ही एक शब्द ठरवला होता — ‘सोड’. मराठीत सोड, उर्दूत छोड, ज्याला जे ऐकू येईल ते, अर्थ एकच. बॅकनं ‘सोड’ म्हटलं की गोलकीनं हात मागं घ्यायचे. चेंडू बॅक घेणार. त्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

उतरलो त्या सालचा शेवटचा सामना परभणीला होता. आम्हाला बरोबरी पुरेशी होती. बरोबरी झाली की आम्ही अव्वलात राहणार होतो. गाडीनं निम्मं सेलू परभणीला लोटलं होतं. शेवटच्या घटकेपर्यंत एकही गोल झाला नव्हता. आम्ही सगळे अनवाणी, आणि त्यांच्या पुढच्या फळीत एक उंच गडी — त्याच्या पायात बूट होते, तळाला खिळे मारलेले. दिवसभर मी त्या बुटांकडेच बघत होतो. कशाला लपवू?

चेंडू उंचावरून आला, टप्पा पडून गोलाकडं निघाला. माणिक पुढं झाला, हात पसरले. चेंडू त्याचाच होता, लहान पोरानंही सांगितलं असतं. पण मला काय सुचलं — शाबासकी हवी होती बहुतेक — मी ओरडलो, "सोड!" त्यानं हात मागं घेतले. लगेच. विचारसुद्धा केला नाही. आणि मी पाय टाकणार तेवढ्यात ते बूट दिसले, माझ्या नडगीकडं येणारे.

मी बाजूला झालो.

चेंडू माणिकच्या समोरून, हाताच्या अंतरावरून, आत गेला.

लोकांचा एवढा गलका होता की माझी हाक कुणालाच ऐकू गेली नाही. लोकांनी जे बघितलं ते एवढंच — चेंडू आला, माणिकनं हात पसरले, आणि मग हात मागं घेतले. परतीच्या गाडीत आमच्या कप्तानानं त्याला विचारलं, "का रं माणक्या, हातात आलेला चेंडू कामून सोडलास?" माणिकनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो! नुसतं, आता हा सांगेल, असं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मानवतरोड स्टेशन गेलं तरी मी बाहेरच बघत होतो. मग तो म्हणाला, "चुकलं माझं."

का म्हणाला? मला आजही ठाऊक नाही. त्यानं माझं नाव घेतलं असतं तर मी नाकबूल केलं असतं का? ह्या प्रश्नाचं उत्तर मला येतं, म्हणून तो मी फार वेळ विचारत नाही.

दुसऱ्याच दिवसापासून तो सोड्या झाला. चेंडू सोडला म्हणून सोड्या. आमच्या गावाला नावं ठेवायला वेळ लागत नाही. जिनिंगमध्ये सोड्या, बाजारात सोड्या, पाणवठ्यावरच्या बायकांत सोड्या. क्लबानं त्याला काढून टाकलं. तो हसून घ्यायचा. मी मात्र त्याला कधी सोड्या म्हटलं नाही. एकदाही नाही. ह्याचा मला अभिमान होता, ऐका! सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचो तेव्हा मनाला सांगायचो, मी कुठं खोटं बोललोय? खोटं बाकीचे बोलतात. मी तर गप्प आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसला हा प्रकार.

एवढंच असतं तर कदाचित मी हे सांगितलंच नसतं. खेळातली गोष्ट, खेळात राहिली असती. खरं सांगायचं ते पुढचं आहे, आणि मघापासून मी त्याच्या भोवतीच फिरतोय.

पुढच्या उन्हाळ्यात ताडकळसच्या एका घरातून माणिकला मुलगी सांगून आली. त्यानं मुलगी बघितली होती. बघून आला त्या दिवशी दुकानात येऊन उगाच गूळ चाखला, उगाच तागडी खालीवर केली. मी विचारलं, "कशी हाय?" तर म्हणाला, "लय हसती रे." बस्स, तेवढंच. पण जाताना पायरी चुकला.

मग मुलीचा बाप चौकशीला सेलूला आला. साधा शेतकरी माणूस, डोक्याला पटका, हातात छत्री. स्टेशनापासून विचारत आला, जिनिंगमधला बोरीचा माणिक कुठं राहतो. ज्याला त्याला विचारावं, तर तो म्हणे, "कोन, सोड्या? सोड्या व्हय?" शेवटी तो आमच्या दुकानी आला. माणिकनंच पाठवला होता. सांगितलं होतं, माझ्याबद्दल काय विचारायचं ते तिथं विचारा, तो माझा दोस्त आहे आणि खोटं बोलत नाही.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. पोराला व्यसन आहे का, भावाशी पटतं का, सगळं विचारून झालं. मी सगळं चांगलं सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग ते जरा घुटमळले. छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली.

"आप्पा, येक इचारू? गावभर त्याला सोड्या म्हनायलेत. काय सोडलं त्यानं?"

त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं. आमच्या बाजूला सोडणं म्हटलं की माणसाला आधी काय आठवतं? सोडचिठ्ठी. टाकलेली बायको. त्या बापाला वाटलं होतं, ह्यानं आधी एखादी करून सोडून दिली आहे, आणि गाव झाकतंय.

हसून सांगता आलं असतं, "अहो पाव्हणं, चेंडू सोडला, चेंडू!" तीन शब्दांचं काम. माणिकनं त्यासाठीच माझ्याकडं पाठवलं होतं. पण त्यानं चेंडू सोडला हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे सेलूत दोघांनाच माहीत होतं. खोटं बोलायचं नाही. आणि खरं? खरं सांगायचं तर — मी ‘सोड’ म्हणालो आणि मीच पळालो, हे सांगावं लागणार. शेजारी आमच्या कप्तानाचा भाऊ डाळ मोजून घेत उभा होता. त्यानं मान वर केली होती.

मी म्हणालो, "ते तुमी त्यालाच इचारा."

मला माहीत होतं, मी काय करतोय. नंतर कळलं असं नाही. तेव्हाच, बोलतानाच माहीत होतं. माझं सोवळं जपायला मी त्याचं घर मोडलं. ते गृहस्थ राहिलेलं पाणी प्याले, भांडं नीट खाली ठेवलं, आणि माणिकला न विचारताच संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. कुठला बाप असलं तोंडावर विचारील? थोड्या दिवसांनी नकार आला. पाठोपाठ कारणही आलं, आणि सेलू पोट धरून हसलं — सोड्याला बायको सोडणारा समजले! आमच्या ओट्यावर अजून हसतात.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. ताडकळसला जायला गाडी रोज होती. पूर्णेच्या बाजूला उतरलं की बैलगाडी मिळायची. मी गेलो नाही. त्या मुलीचं आखाजीला दुसरीकडं लग्न लागलं. माणिकनं पुन्हा कुठं मुलगी बघितली नाही.

आणि आता ते दुसरं साल, चढलो ते. दोयममध्ये दोन मोसम काढल्यावर आमचा निकालाचा सामना सेलूतच झाला, जिनिंगच्या मागच्या मैदानावर. आम्ही एका गोलानं पुढं होतो. शेवटी तसाच चेंडू आला, तसाच उंच, तसाच टप्पा. समोरून येणाऱ्याच्या पायात बूट. मी ओरडलो, "सोड!" नव्या गोलकीनं, उस्माननं, हात मागं घेतले. ह्या वेळी मी हललो नाही. चेंडू पार कापसाच्या गाड्यांपर्यंत मारला आणि बूट माझ्या अंगठ्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. आम्ही चढलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

खाली ठेवलं तेव्हा पाय सुजून भोपळा झाला होता. दोरीपलीकडच्या गर्दीतून माणिक आला, पाण्यात भिजवलेला पटका घेऊन. खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि फडकं गुंडाळत, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "आज घेतलास."

टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात खरं बाहेर पडलं असतं. त्याला खरोखर आनंद झाला होता. मी काय म्हणालो? "हळू बांध, दुखतंय."

पुढं रझाकारांचे दिवस आले, मग पोलीस ॲक्शन. उस्मानचं घर हैदराबादला गेलं, क्लब मोडला, सामने बंद पडले. त्यामुळं आम्ही आजतागायत अव्वलच आहोत — ओट्यावरचा हा आवडता विनोद. त्यानंतर मला म्हणतात, "आप्पा, आंगठा दाखवा की." मी धोतर वर करून दाखवतो. मग कुणीतरी माझी हाक काढून दाखवतं, "सोड!" आणि लगेच त्याच दमात सोड्याची गोष्ट निघते. एकाच शब्दावर मला मिरवतात आणि त्याला हसतात. मी तिथंच बसलेला असतो.

माणिक बोरीला परतला, भावाच्या घरी राहिला. बाजाराला आला की दुकानात यायचा, गूळ चाखायचा. ओट्यावरचे म्हणायचे, "आला बघा सोड्या." तो हसायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही. ते माझ्यासाठी करत होता, हे मला कळत होतं. मी ते करू दिलं.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. पुतण्या तेराव्याचं सांगून गेला. मी बोरीला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गावी गेलो. मनात म्हणत होतो, आज चार माणसांत सांगायचं. वेशीपाशी एक जण बसला होता. त्याला विचारलं, माणिकचं घर कुठं?

"कोन मानिक?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "सोड्याचं इचारायलाव का?"

"हो," मी म्हणालो, "सोड्याचंच."

त्यानं हातानं दाखवलं. मी गेलो, पंगतीत बसलो, जेवलो, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो.

चेंडू मी सोडला होता. त्याचं नाव माणिक होतं.