आईचे नऊ, ठमीचे दोन

फॉर्मबाई हे नाव वॉर्डातल्या नर्सनी ठेवलं आणि बाईंनी ते हौसेने मिरवलं. त्याआधी बावीस वर्षं त्या चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेत होत्या. दुकान बंद पडलं तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. नवी नोकरी मिळेल ही आशा त्यांनी सोडलीच होती, पण हॉस्पिटलला पेशंटकडून प्रश्नावल्या भरून घेणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत डॉक्टरांनी विचारलं, "अनुभव काय?"

"लोक सांगतात तो नंबर वेगळा आणि पाय वेगळा, एवढं मला चांगलं कळतं," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसल्या आणि नोकरी पक्की झाली.

वॉर्ड होता अ‍ॅनोरेक्सियाच्या पेशंटचा. वजन वाढेल या धास्तीने खाणं कमी कमी करायला लावणारा हा आजार. पहिल्या आठवड्यात बाईंच्या घशाखाली घास उतरेना. घरी नवरा म्हणाला, "आता तू पण सुरू करू नकोस हां. मी बसचे गिअर बॉक्स दुरुस्त करतो म्हणून काय गिअरमध्ये बोलतो?" बाईंना हसू फुटलं आणि त्या जेवल्या.

काम तसं सोपं. महिन्यातून एकदा प्रत्येकीला एक कागद द्यायचा. त्यावर दहा प्रश्न, सगळ्यांचा रोख एकच: बदलायची तुमची तयारी किती? प्रत्येक उत्तराला शून्य ते दहापैकी एका आकड्यावर गोल. मग बाईंनी आकडे कॉम्प्युटरवर भरायचे, की डॉक्टरांना आलेख मिळाला.

ठमीचा आलेख सगळ्यात देखणा होता. ठमी हे तिचं घरातलं नाव. वय एकोणीस, नकाशे काढायच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला. सलग तीन महिने तिने दहाही प्रश्नांना नऊवर गोल केला होता. आणि सलग तीन महिने तिचं ताट जवळजवळ जसंच्या तसं परत जात होतं. जेवण झालं की ती जिने चढउतर करायची. नर्स तिला धरून आणायच्या.

"तयारी नऊ, आणि सूप थंडगार," डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आमचं कुठे चुकतंय?"

बाईंनी एक गोष्ट हेरली होती. नकाशातल्या नदीची एक रेघ ओढायला ठमी अर्धा तास घ्यायची, तीनदा खोडायची. हा कागद मात्र दोन मिनिटांत उरकून मोकळी! वाचतसुद्धा नसावी.

चौथ्या महिन्यात बाईंनी तिला पेन दिलंच नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज मी वाचते, तू नुसतं सांग."

"नऊ," ठमी म्हणाली.

"अगं, प्रश्न तरी वाचू दे की!"

ठमीला हसू आलं. बाईंनी तेवढ्यात विचारलं, "हे नऊ आहेत कुणाचे?"

ती खिडकीच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईचे."

"आणि तुझे?"

"कमी सांगितलं तर रविवारी घरी सोडणार नाहीत."

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी खोटं बोलत नव्हती, परीक्षा देत होती. "हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं तर चालेल तुला?" त्यांनी विचारलं. ठमीने खांदे उडवले, मग मान डोलावली.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. या आकड्यांवर कुणाची रजा, कुणाची भेट अडणार नाही. तसं वॉर्डात सगळ्यांना सांगितलं. आणि तयारी सरसकट विचारायची नाही, एकेका गोष्टीची वेगळी विचारायची. जास्त खायची किती, जिने थांबवायची किती, आरशासमोरून हलायची किती. शिवाय त्यातलं स्वतःसाठी किती आणि दुसऱ्यांसाठी किती.

या खेपेला एक तास लागला. जास्त खाण्यापाशी ठमी अडली. "दोन," ती म्हणाली आणि बाईंकडे चोरून पाहिलं. बाईंनी चेहरा हलू दिला नाही, दोन लिहिलं. आरसा, चार. जिने? "सात. गुडघे फार दुखतात हो."

"सात?" बाईंना खुर्चीत बसवेना. "स्वतःसाठी?"

"गुडघे माझेच आहेत ना!"

मग सुरुवात जिन्यापासून झाली. जेवणानंतरच्या वेळात एक नर्स तिच्याशी पत्ते खेळायला बसू लागली. ताटाबद्दल त्या वेळात अवाक्षर काढायचं नाही, असा करार होता. ताटाचं बोलणं वेगळ्या वेळी, डॉक्टरांसमोर.

खरी पंचाईत झाली ती आई भेटायला आली तेव्हा. ठमीने स्वतःच तिला कागद दाखवला. आई तडक बाईंच्या टेबलाशी आली. "मागच्या महिन्यात नऊ होते! इथे ठेवून पोरगी सुधारतेय की बिघडतेय?"

बाई उठल्या, आईला खुर्ची दिली. "ताई, ते नऊ तुमचे होते. तिने तुमच्यासाठी लिहिले होते. हे दोन तिचे आहेत."

आईला रडू आवरेना. रडता रडता म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठीसुद्धा पुरते दहा नव्हतेच का?" आणि दोघींना एकदम हसू आलं.

पुढचे आकडे काही सरळ चढले नाहीत. तीन झाले, मग परीक्षा हुकल्याच्या महिन्यात एक, मग चार. एक आला त्या महिन्यात बाई खट्टू झाल्या, पण डॉक्टर म्हणाल्या, "एक आहे हे तिने सांगितलं. आधी सांगितलं असतं का?" त्या महिन्यात ठमीशी बोलणं वाढवलं आणि घसरण वेळीच सावरली.

आठ महिन्यांनी ठमी घरी गेली. आजार तिच्याबरोबर गेला नाही असं नाही. पण खायला बसायची वेळ ठरलेली होती आणि सोबत आई होती. कॉलेजही पुन्हा सुरू झालं. आता दर महिन्याला ती बाहेरूनच दाखवायला येते. परवा आली तेव्हा म्हणाली, "खायचे सहा लिहा. सगळे माझे नाहीत, एक आईला द्या. नाहीतर रुसेल."

बाईंनी पाच आणि एक असं लिहिलं. मग दोघी कॅन्टीनमध्ये गेल्या. ठमीने टोस्ट आणि दूध घेतलं. दूध अर्धं राहिलं, टोस्ट संपला. मधेच तिने पिशवीतून गुंडाळी काढली आणि स्वतः काढलेला पुऱ्या शहराचा पहिला नकाशा टेबलावर पसरला. बाई दुधाच्या ग्लासाला कोपर लागू न देता, चष्मा पुसून, एकेक रस्ता बोटाने चालत राहिल्या.