बारा हात पांढरं कापड

मी प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, प्रेक्षकांना दिसू नये असा एक खोका आहे. त्यात गुडघे पोटाशी घेऊन तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत आलोय. आमच्या या डोंगरातल्या थिएटरात असा नट नाही, ज्याला मी ऐन वेळी शब्द पुरवला नाही. राजधानीहून पाहुणे म्हणून येणारे बडे लोक तर अर्धं नाटक माझ्याच तोंडून ऐकून म्हणतात आणि टाळ्या स्वतः घेऊन जातात. अपवाद एकच, उलकान एजे. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं आम्ही सगळे तिला एजे म्हणतो. तिने तीस वर्षांत माझ्याकडून एक शब्द घेतला नाही. कधी कधी मला त्याचा रागही यायचा.

ती चोविसाव्या वर्षी घाटापलीकडच्या मेंढपाळांच्या गावातून आली. रुंद चेहरा, जाड आवाज. तेव्हाच्या दिग्दर्शकाने एकदा वर-खाली पाहिलं आणि म्हणाला, "आजी." झालं. पहिलीच भूमिका ऐंशी वर्षांच्या म्हातारीची. तिथून पुढे आजी, मावशी, शेजारीण, चेटकीण, आणि दर नववर्षाला मुलांच्या नाटकात बर्फातली म्हातारी. पूर्वी तिच्या तोंडावर पेन्सिलीने सुरकुत्या काढायला अर्धा तास लागायचा. हल्ली पाच मिनिटांत काम होतं. "देवाने रंगाचा खर्च वाचवला," असं ती आरशात बघून म्हणते.

तिचं लग्न झालं नाही. आई लवकर गेली, मागे चार भाऊ, त्यांचं करता करता तिशी उलटली, आणि मग कोणी विचारलं नाही. यात काही गोष्ट नाही. आमच्याकडे अशा बायका असतात, त्यांच्याशिवाय घरं चालत नाहीत आणि त्यांना समारंभात मागे उभं करतात.

आता इलेचेकचं सांगतो. आमच्या लग्न झालेल्या बायका डोक्याला पांढरं कापड गुंडाळतात, ते इलेचेक. नवरीच्या डोक्यावर पहिल्यांदा ते कोणी बांधायचं, याला नियम आहे. बांधणारी बाई भरल्या घरातली हवी, नवरा हयात, पोरंबाळं धडधाकट. तिचं नशीब कापडातून मुलीच्या डोक्यात उतरतं म्हणतात. खऱ्या लग्नात हे ठीक आहे. पण आमच्या थिएटरात हा नियम नाटकातल्या नवरीलाही लागू. रंगमंचावर नवरी होणारी पोरगी उद्या खरोखर संसार करणार आहे, उगीच कशाला विषाची परीक्षा? त्यामुळे उलकान एजे आजी म्हणून सगळा प्रवेश करायची, आणि बांधायची वेळ आली की दोन पावलं बाजूला होऊन हात बांधून उभी राहायची. मग विंगेतून कुलिपा यायची.

कुलिपा आमच्या कपडेपटाची बाई. नटी नव्हे. पण नवरा आहे, चार मुलं आहेत, म्हणून ती यायची, नवरीच्या डोक्याला बारा हात कापड गुंडाळायची, आशीर्वाद म्हणायची आणि परत इस्त्रीकडे जायची. तिच्या भाग्यवान हातांनी इलेचेक बांधलेल्या नवरीमुलींपैकी तिघी काडीमोड घेऊन माहेरी बसल्यात, एक मॉस्कोत भांडी घासते. पण हे कोणी मोजत नाही. मीही मोठ्याने कधी म्हटलं नाही. उलकान आणि कुलिपा तर रोज एका किटलीतला चहा पिणाऱ्या मैत्रिणी, त्यांच्यात या गोष्टीचा शब्द कधी निघाला नाही.

गेल्या वसंतात राजधानीहून नवा दिग्दर्शक आला. बेकतुर नाव, वय तेहतीस, गळ्यात मफलर. आमच्याकडे रीत अशी की वर्षाच्या नाटकांची यादी एक दिवस कचेरीच्या दाराला खिळ्याने ठोकलेली दिसते, आणि पुढचे दोन दिवस कोणी कोणाला सलाम करत नाही. बेकतुरने सांगितलं, यादी आधी नाही. पुढच्या हंगामासाठी सगळ्यांनी ऑडिशन द्यायची, जुन्यांनीसुद्धा.

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण," मी म्हटलं.

"तुला काय रे," उलकान एजे म्हणाली, "तू खोक्यातला माणूस. तुझी ऑडिशन अंधारात झाली तरी चालेल."

हंगामात एका खेड्यातल्या मास्तरांनी लिहिलेलं नवं नाटक होतं. त्यात आजीची भूमिका अशी, की नाटक तिच्यावरच उभं. शेवटच्या प्रवेशात आजी नातीला इलेचेक बांधते आणि बांधता बांधता आपलं सगळं आयुष्य सांगते. बोलणं आणि बांधणं एकात एक विणलेलं. तिथे दुसरी बाई आणून उभी करायची सोयच नव्हती. उलकान एजेने ते वाचलं आणि दोन दिवस ते कागद काखेत घेऊन फिरली. पुढच्या वर्षी तिची पेन्शन. ही भूमिका नाही मिळाली, तर चौतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची भूमिका बर्फातली म्हातारी, कापसाची दाढी लावलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी.

"मी आजीची ऑडिशन देणार," तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली.

"आणि बांधायचं?"

"त्या पोराला नियम माहीत नाही. बाकीच्यांना माहीत आहे. बघू." मग म्हणाली, "सागिन, मला ही हवी आहे. मी आजवर काही मागितलं नाही. ही मला हवी आहे."

तिच्या तोंडून 'हवी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ऑडिशनच्या दिवशी थिएटर गरम केलेलं नव्हतं, सगळे कोट घालून बसले होते. आजीसाठी तिघी होत्या. नवरी म्हणून स्टुलावर बसायला शायिर. शायिर ही कुलिपाची धाकटी, बावीस वर्षांची, गेल्याच वर्षी मंडळीत आलेली. नवरीच्या भूमिकेसाठी तिच्याच नावाची चर्चा होती. पहिली बाई घाईत बोलली. दुसरीने कापड इतकं सैल गुंडाळलं की ते घसरून शायिरच्या नाकावर आलं, आणि ती म्हणाली, "स्टूल हलतंय."

"नाचता येईना अंगण वाकडं," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मग बेकतुरने नाव घेतलं, "उलकान एजे." ती उठली. तेवढ्यात कपडेपटाच्या दारातून कुलिपाचा आवाज आला, "शायिर, जरा इकडे ये गं. इस्त्री धर."

शायिरने आईकडे पाहिलं, एजेकडे पाहिलं आणि खाली मान घालून गेली. स्टूल रिकामं राहिलं. बेकतुर वहीत काहीतरी लिहीत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

उलकान एजेने सुरुवात केली. रिकाम्या स्टुलाशी बोलली. नदीकाठचं घर, युद्धावर गेलेला भाऊ, न आलेलं पत्र, सगळं सांगितलं. मी खोक्यात कागद मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तीस वर्षांच्या सवयीने कागदाकडे बघतही नव्हतो. मग ती त्या वाक्याशी आली, 'ये पोरी, डोकं इकडे कर.' तिने पांढरं कापड उचललं. आणि दोन पावलं बाजूला झाली. कापड पोटाशी धरून, हात बांधून उभी राहिली.

तिला स्वतःलाही कळलं नसावं. तिचे पाय तिला घेऊन गेले, एवढंच. सगळ्यांचे डोळे सवयीने विंगेकडे, कुलिपा येते तिथे वळले.

"एजे, का थांबलात?" बेकतुरने विचारलं. "विसरलात का? प्रॉम्प्टर, द्या ना वाक्य."

एजे विसरली म्हणे. मला इतका संताप आला की मी उभा राहिलो. खोक्याच्या छताला डोकं आपटलं. तीस वर्षांत मी त्यातून निघून रंगमंचावर कधी आलो नव्हतो. रांगतच वर चढलो आणि जाऊन स्टुलावर बसलो. टोपी काढली. माझ्या डोक्यावर एक केस नाही.

"बांधा," मी म्हटलं. "माझं काय वाईट व्हायचंय? मला कोण सून करून नेणार आहे?"

हशा पिकला. आमच्याकडे पुरुषाने बायकांचं कापड डोक्यावर घेणं ही साधी गोष्ट नाही. पुढे महिनाभर बाजारातला खाटीक मला "या सूनबाई, खांद्याचं देऊ की मांडीचं?" असं विचारत होता आणि माझी बायको आठवडाभर बोलली नाही. पण तेव्हा मी एजेकडे बघत होतो. तिने ओठ दाबले होते, हसू की रडू कळेना.

"डोकं थंडगार आहे तुझं," ती हळूच म्हणाली, आणि बांधायला लागली.

तिचे हात मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. म्हाताऱ्यांच्या भूमिकांसाठी स्वतःच्या डोक्यावर हजारदा बांधलेले हात ते. एकेक फेरा कानाच्या वरून जात होता, सुरकुती न पडता, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर एक वाक्य. दुसऱ्या फेऱ्याला मागचे लोक हसायचे थांबले. पाचव्या फेऱ्याला मला कळलं की ती आता माझ्या डोक्याशी बोलत नाहीये. जी पोर तिला झाली नाही तिच्याशी बोलत होती. शेवटचा पदर खोचून तिने दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवले आणि आशीर्वाद म्हणाली: "हे पांढरं तुझ्या डोक्यावर टिको. याच्या सावलीत तुझी पोरं वाढोत."

बावन्न वर्षांचा टकला माणूस मी, तीन मुलांचा बाप. मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही. दारात कुलिपा उभी होती, आणि तिच्या मागे शायिर.

दोन दिवसांनी यादी लागली. खिळा तोच. आजी, उलकान. नात, शायिर. खाली एरवी 'बांधणारी, कुलिपा' अशी ओळ असायची, ती नव्हती.

कुलिपाने त्या दिवशी चहाची किटली आणली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी कपडेपटात तुटलेलं बटण घेऊन गेलो होतो, तेव्हा उलकान एजे आत आली. हातात घडी घातलेला कागद.

"बेकतुरला देतेय," ती म्हणाली. "मला नको ती भूमिका. तुझी पोर आहे. मीच मानते गं ते सगळं, मी काय तुला दोष देऊ? उद्या तिचं काही वाईट झालं तर मी कुठे तोंड लपवू?"

कुलिपा इस्त्री करत होती. एकाच बाहीवरून तिने ती तीनदा फिरवली.

"हिला दात येत होते तेव्हा आठवतं?" शेवटी ती म्हणाली. "मी इथे इस्त्री करायचे, आणि ही कपड्यांच्या पेटीत झोपायची. रडली की तू प्रयोगातून पळत यायचीस, तोंडावर त्या काळ्या रेघा तशाच. हिच्या तोंडात बोट द्यायचीस. चावून चावून तुझं बोट सुजलं होतं."

"तेव्हाचं काय आता?"

"तेव्हा तुझ्या हाताने काही बिघडलं नाही तिचं. गोवर आला तेव्हा माझा नवरा पितोय आणि मी दौऱ्यावर, तेव्हा बारा रात्री तिला तूच सांभाळलंस. तेव्हाही नाही." कुलिपाने इस्त्री उभी केली. "भरल्या घरातली बाई म्हणून मी बांधत आले. माझं घर किती भरलंय ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. लोकांना सांगायला नवरा हयात आहे, एवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय ऐकतोयस? बटण ठेव आणि जा."

मी बटण ठेवून गेलो. तो कागद बेकतुरकडे गेला नाही.

पहिल्या तालमीला कुलिपा स्वतः शायिरला हाताला धरून घेऊन आली. गालिच्यावर एजेच्या पुढ्यात बसवलं. कापड धुतलेलं, कोऱ्यासारखं पांढरं, तिने दोन्ही हातांनी एजेला दिलं.

"घट्ट बांध," ती म्हणाली. "हिचं डोकं लहान आहे, माझ्यासारखं."

"अपा, माझे केस ओढू नका हं," शायिर एजेला म्हणाली, आईला म्हणतात तसं अपा, आणि मान खाली घातली.

एजे बांधायला लागली. एक फेरा चुकला नाही. शेवटचा पदर खोचून तिने तळवे शायिरच्या डोक्यावर ठेवले, तोंड उघडलं, आणि थांबली. मी वाट पाहिली. ती माझ्याकडे बघत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझ्याकडून शब्द हवा होता. वाक्य माझ्या समोर कागदावर होतं, आणि पाठही होतं. पण माझा आवाज फुटेना. असा कसला मी प्रॉम्प्टर.

शेवटी विंगेतून कुलिपाने सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून:

"हे पांढरं तुझ्या डोक्यावर टिको."

"हे पांढरं तुझ्या डोक्यावर टिको," उलकान एजे तिच्यामागून म्हणाली.