वाक्प्रचारांत राहणारी आमची बिल्डिंग

आमच्या वहिनीइतका माणसांचा अभ्यास अख्ख्या बोरिवलीत कुणी केला नसेल, आणि तोही इंग्रजीच्या पेपरासाठी! सरकारी लिपिकाच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती आणि दोन्ही वेळा घात केला तो इंग्रजी वाक्प्रचारांनी. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. लग्नानंतर नोकरी सुटली तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "खुर्ची मोडकी असली तरी चालेल गं, पण ऑफिसात माझी म्हणून एक हवी." गाईड घोकून डोक्यात काही राहीना, तेव्हा तिने स्वतःचीच पद्धत काढली. प्रत्येक वाक्प्रचाराला ओळखीतलं एक माणूस नेमून टाकायचं. माणूस आठवला की अर्थ आपोआप आठवतो, असं तिचं शास्त्र.

'बीट अबाउट द बुश', म्हणजे मुद्द्यावर न येता गोल गोल बोलणं, ही पहिली नेमणूक माझ्या दादाची झाली. दादाला चहा हवा असला की तो "आज हवा जरा दमट आहे, नाही?" इथून सुरू करतो, मग दुधाचा भाव, मग गावची म्हैस. चहापर्यंत पोचेस्तोवर जेवायची वेळ होते. मढहून मासे घेऊन येणारी मावशी सुरमईवर पाणी मारत म्हणायची, "बाय, सकालचीच हाय, डोले बघ तिचे." तिला 'टेक विथ अ पिंच ऑफ सॉल्ट', म्हणजे ऐकायचं सगळं, विश्वास बेतानेच ठेवायचा. 'कॅसल्स इन द एअर', म्हणजे हवेतले मनोरे, हे मात्र सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नावावर. आमची बिल्डिंग गळतीने बेजार आहे आणि हा गृहस्थ कित्येक वर्षं रिडेव्हलपमेंटनंतरच्या स्विमिंग पूलची वेळापत्रकं ठरवतोय.

दादाच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे बातमी फुटलीच. वाटलं, वाट लागली आता! पण लोक रागवायचे सोडून चौकशीला यायला लागले. "वहिनी, मला काय दिलंत?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंना अजून काहीच मिळालेलं नव्हतं. तेवढ्यावरून त्यांनी अबोला धरला, आमच्याकडची कढीलिंबाची देवाणघेवाण बंद केली. मग वहिनीने त्यांना 'मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल', म्हणजे राईचा पर्वत करणं, हे देऊन टाकलं. काकू खूश! डोंगराचं आहे म्हणून त्या जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या.

राहता राहिली आमची आई. दिवसभर घर डोक्यावर घेणार, पण वहिनी अभ्यासाला बसली की स्वयंपाकघराचं दार ओढून गुपचूप तिच्या वाटणीच्या पोळ्या लाटणार. तिने एके दुपारी वहिनीला गाठलंच. "माका काय दिलंस गो?" वहिनी आढेवेढे घ्यायला लागली, पण आई कसली सोडतेय! शेवटी वहिनीने डोळे मिटून सांगितलं, 'बार्किंग डॉग्ज सेल्डम बाइट.' भुंकणारं कुत्रं सहसा चावत नाही, हा अर्थही सांगावा लागला. आईने लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे मी कुत्रो?" आम्ही एकेक पाऊल मागे सरकलो. मग तीच म्हणाली, "खरा आसा ता. पण पेपरात इला तर चुकवू नको हां."

परीक्षा अंधेरीला होती. संध्याकाळी वहिनी घामाघूम होऊन दारात आली आणि चपला न काढताच ओरडली, "आई, तुम्ही आलात पेपरात!" आईने ती बातमी ज्या थाटात बिल्डिंगभर केली, तसा थाट तिने आमच्या दहावीच्या निकालालाही केला नव्हता.

वहिनी पास झाली. नेमणूक मिळाली ती थेट चंद्रपूर जिल्ह्यात. दादाची नोकरी इथे, त्यामुळे ती एकटीच गेली. स्टेशनवर पोचवायला निम्मी बिल्डिंग आली होती. सगळ्यांना आपणच पास झाल्यासारखं वाटत होतं, आणि गाडी हलल्यावर तिचा डबा दिसेनासा होईपर्यंत सगळे हात हलवत राहिले.

परवा तिचा फोन आला. खुर्ची मिळाली, खिडकीजवळची आहे, ऑफिसातली माणसंही चांगली आहेत म्हणाली. मी विचारलं, "मग करमतंय ना?" "करमेल गं. अजून कुणाचा राग येण्याइतकी ओळख नाही झाली." आई शेजारीच कान लावून बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि जेवणाखाण्यावरून वहिनीला चांगलं दहा मिनिटं फैलावर घेतलं. पलीकडून वहिनीच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि मग तो हसण्याचा राहिला नाही.